छतावरचं ३ किलोवॅट सोलर: लाइट बिलाला पैकीच्या पैकी, पेट्रोल वाचवायचं तर अजून खिसा सैल करा

सोलापुरात घरावर ३ किलोवॅटचं ऑनग्रिड (म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं, बिनबॅटरीचं) सोलर बसवून आता उन्हाळा पावसाळा थंडी सगळं बघून झालंय, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. बिलासाठी घेताय तर बिनधास्त घ्या. पण कुणी सेल्समन "तेलावरचं अवलंबित्व संपवा, सोलर लावा" असं म्हणत असेल तर त्याला चहा पाजा, पाठवून द्या आणि पुढचं वाचा, कारण नुसते पॅनल वर ठेवून तेलाचा एक थेंब वाचत नाही.

का ते सांगतो. आपल्या घरात येणारी वीज तेलावर बनतच नाही. देशातली बहुतांश वीज कोळशाची, आणि आम्हाला तर लांब बघायलाच नको, दक्षिण सोलापुरात आहेरवाडी-फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॅटचा प्लांट उभाय, कोळशावरचा. डिझेल जनरेटरवर दिवे लागतात ते लक्षद्वीपसारख्या बेटांवर, तिथे पॅनल लावलं की सरळ डिझेल वाचतं, आपल्याकडे वाचतो कोळसा. (तेही चांगलंच आहे, नाही असं नाही, पण ते वेगळं.) आपलं तेल जातं कुठे तर गाडीच्या टाकीत आणि किचनमधल्या सिलिंडरमध्ये. कच्चं तेल आपण ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून आणतो, एलपीजी पण निम्म्याहून जास्त बाहेरचाच आणि तो मुख्यतः आखातातला, म्हणून तिकडे आखाताच्या तोंडाशी होर्मुझच्या सामुद्रधुनीत खुट्ट झालं की इकडे सोलापुरात सात रस्ता चौकापर्यंत सगळे पेट्रोल कितीला जाणार यावर बोलायला लागतात. म्हणजे गाडी आणि शेगडी विजेवर आणली तरच पॅनलचा आणि तेलाचा काही संबंध, नाहीतर नाही.

आता मेन रिव्ह्यू. आमचं स्वतःचं घर, वर मोकळा स्लॅब, एक पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली. १ किलोवॅटला साधारण शंभर स्क्वेअर फूट मोकळी जागा धरा, सावली नसलेली. पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, सोलापूरला १७-१८ डिग्रीचा उतार बास होतो. टाकीची सावली एका पॅनलवर दुपारी चारनंतर येते, हाफ कट पॅनल (अर्ध्या भागावर सावली आली तरी उरलेला अर्धा चालू राहतो असे) असल्याने फार फरक पडत नाही असं सांगितलं होतं आणि खरंच फार पडत नाही, पण टाकी हलवता येत असेल तर आधीच हलवून घ्या, नंतर कोण हलवतंय.

खर्च सगळा मिळून दोन लाखाच्या आसपास, त्यातले ७८ हजार पीएम सूर्यघरची सबसिडी म्हणून परत. ही योजना २०२४ च्या फेब्रुवारीत आली, पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार आणि तिसऱ्याला १८ हजार, तिथून पुढे कितीही लावा ७८ हजारच. म्हणूनच बघा सगळीकडे ३ किलोवॅटचीच क्रेझ आहे. सबसिडी पाहिजे असेल तर पॅनल डीसीआर म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच लागतात, ते थोडे महाग पडतात, आणि इथेच काही लोक गेम करतात, कोटेशन नॉन डीसीआरचं स्वस्त दाखवायचं आणि तोंडाने सबसिडीचं बोलायचं. पोर्टलवर ग्राहक क्रमांक टाकून अर्ज, मग व्हेंडर निवडायचा, बसवणं, नेट मीटर, तपासणी आणि मग पैसे थेट आपल्या खात्यात. पैसे आले, कुणाला एक रुपया द्यावा लागला नाही, हे मुद्दाम लिहितोय कारण प्रत्येक जण हेच विचारतो. सप्टेंबर २०२५ पासून सोलरवरचा जीएसटी पण १२ वरून ५ टक्के झालाय, जुनं कोटेशन घेऊन बसला असाल तर नवीन मागा.

वीज किती बनते? वर्षाची सरासरी धरली तर १ किलोवॅटला दिवसाला ४ युनिट, म्हणजे आपल्याला रोजचे १२ च्या आसपास. पण ही सरासरी आहे बरं का. सगळ्यांना वाटतं सोलापूरचा मे महिना म्हणजे सोलरची दिवाळी, तसं नाहीये. पॅनलला ऊन पाहिजे, उष्णता नको. सेल २५ डिग्रीच्या वर जितका तापेल तितकं पर डिग्री ०.३ ते ०.४ टक्के उत्पादन उतरतं, आणि आमच्याकडे हवाच ४४ ला जाते, पॅनल तर विचारूच नका, हात लावला तर चटका. इन्व्हर्टरच्या ॲपमध्ये आलेख बघितला की कळतं, मार्चमधली स्वच्छ दुपार मेच्या दुपारपेक्षा जास्त देऊन जाते. जुलै ऑगस्टमध्ये ढग बसले की अर्ध्यावर येतं, पण सोलापुरात पाऊस पडतोच किती.

नेट मीटर म्हणजे शेजारणीला दिवसा वाटीभर साखर द्यायची आणि रात्री परत मागून आणायची, इतकं सोपं. दिवसा घरात कुणी नसतं तेव्हा वीज महावितरणला जाते, रात्री एसी पंखा त्यांच्याकडून येतो, बिलावर इम्पोर्ट एक्स्पोर्ट दोन्ही छापून येतं आणि फरकाचे पैसे भरायचे. उरलेले युनिट पुढच्या महिन्यात जातात, मार्चअखेर मात्र हिशोब बंद होतो आणि शिल्लक युनिटला जो भाव मिळतो तो आपण भरतो त्याच्या जवळपासही नसतो. त्यामुळे गरजेपेक्षा मोठी सिस्टीम लावून महावितरणला वीज विकून श्रीमंत होऊ हा विचार सोडा. आणि बिल झिरो येत नाही! स्थिर आकार राहतोच. आमचं उन्हाळ्यात ३०० युनिटच्या वर जाऊन वरच्या स्लॅबमध्ये घुसायचं, तिथे प्रत्येक युनिट महाग, तो सगळा वरचा थर उडाला, हा खरा फायदा. पहिलं बिल आल्यावर वडील चष्मा पुसून दोनदा वाचत होते.

सगळ्यात मोठा गैरसमज आता. लाइट गेली की सोलर पण बंद. हो, भर उन्हात, बारा वाजता, वर पॅनल तापून निघतायत आणि खाली घरात अंधार. ऑनग्रिड इन्व्हर्टर ग्रिड गेलं की स्वतःहून बंद पडतो, कारण नाहीतर आपली वीज उलटी तारेत जाईल आणि खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव जाईल. हे सेफ्टीसाठी आहे आणि बरोबर आहे, पण हे विकताना कुणी सांगत नाही. बायको म्हणाली, "अहो दोन लाख घालून लाइट जातेच की मग!" आता काय बोलणार. जुना इन्व्हर्टर बॅटरी होता तो तसाच ठेवलाय, पंखे आणि बल्ब त्याच्यावर. बॅटरीवालं हायब्रीड घेतलं तर हा प्रॉब्लेम सुटतो पण किंमत कुठल्या कुठे जाते आणि बॅटरी कधीतरी बदलावी लागतेच. ज्यांच्याकडे रोज चार तास लाइट जाते आणि डिझेल जनरेटर लावावा लागतो त्यांनी मात्र हायब्रीडच बघावं, त्यांचा हिशोब वेगळा.

अजून एक, दुपारी आमच्या लाइनला व्होल्टेज इतकं चढतं की इन्व्हर्टरवर ग्रिड ओव्हर व्होल्टेज येऊन तो ट्रिप होतो, मग थोड्या वेळाने आपोआप चालू. ॲपवर आलेखाला मध्येच खड्डा दिसतो. तक्रार केल्यावर ट्रान्सफॉर्मरवर काहीतरी करून गेले, आता कमी झालंय. तुमच्याकडे आधीच व्होल्टेज २५० च्या पुढे जात असेल तर बसवायच्या आधी मोजून घ्या.

ज्यांनी बसवलं त्यांचं नाव घेत नाही. काम ठीकठाक, पण स्ट्रक्चर बोलताना आठ फूट होतं आणि आलं सहा फूट, त्यामुळे वर कुरडया पापड घालताना आईला वाकून जावं लागतं आणि डोक्याला अँगल लागतो. अर्थिंग तीन पाहिजेत, एसीचं, डीसीचं आणि वीज पडली तर ती जमिनीत नेणाऱ्या अरेस्टरचं, तिसरं अर्थिंग भांडून घ्यावं लागलं. बसवेपर्यंत दिवसाला पाच फोन, बसवल्यावर फोन उचलायला माणूस नाही. २५ वर्षांची वॉरंटी म्हणतात ती पॅनलच्या उत्पादनाची असते, इन्व्हर्टरची वेगळी आणि खूप कमी, ते नीट वाचा.

धुण्याचं काय? आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसाआड पाणी, त्यात पॅनल धुवायचे म्हणजे घरात युद्ध. बोअरचं पाणी वापरलं तर क्षाराचे पांढरे डाग बसतात ते निघता निघत नाहीत. सकाळी लवकर, पॅनल गार असताना, ओल्या मऊ वायपरने पुसायचं आणि शेवटचा हात नळाच्या पाण्याचा, एवढ्यात होतं. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी अजिबात टाकू नका.

आता तेलाकडे येतो. इलेक्ट्रिक स्कूटर घेतली सोलरनंतर. शंभर किलोमीटरला ३ ते साडेतीन युनिट लागतात. तेच पेट्रोल स्कूटरला सव्वादोन लिटर धरा, म्हणजे सव्वादोनशे रुपयांच्या वर. इथे खरा बदल जाणवला, पंपावर जाणंच बंद झालं. रात्री चार्जिंगला लावली तर आत येणारी वीज कोळशाचीच, हे कबूल, म्हणून सुट्टीच्या दिवशी दुपारी लावतो, मीटरच्या दृष्टीने पैशात फरक शून्य पण मनाला बरं वाटतं. कार मात्र अजून पेट्रोलचीच, पुण्याला जायला लागते.

शेगडीचं थोडं अवघड. एका १४.२ किलोच्या सिलिंडरचं काम इंडक्शनवर करायला माझ्या हिशोबाने सव्वाशे युनिटच्या आसपास लागतील, म्हणजे सोलरच्या ३ किलोवॅटमध्ये बसतं, एसी जपून वापरला तर. चहा, दूध, कुकर, भाजी सगळं इंडक्शनवर गेलं. पण ज्वारीची भाकरी? तव्यावर पाणी लावून एक बाजू झाली की भाकरी उचलून थेट जाळावर धरायची, तेव्हा ती टम्म फुगते, इंडक्शनवर जाळच नाही तर फुगणार कशी. काचेवर जाळी ठेवून बघितली, तव्यातच फडक्याने दाबून बघितली, पापुद्रा सुटत नाही तो नाहीच. आईने एका वाक्यात निकाल लावला, "भाकरी गॅसवर, बाकी तुमचं तुम्ही बघा." त्यामुळे सिलिंडर आता बराच जास्त चालतो पण घरातून गेलेला नाही, आणि जाणार पण नाही.

ज्याचं तेल खरोखर थांबलं तो आमचा मामा, मंगळवेढ्याकडचा. विहिरीवर डिझेल इंजिन होतं, लाइट रात्रीची म्हणून दिवसा पाणी द्यायचं तर कॅन घेऊन पंपावर पळायचं. "मागेल त्याला सौर कृषी पंप"मधून ५ एचपीचा मिळाला, शेतकऱ्याने १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती जमातीला ५ टक्केच, बाकी सरकार. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्यापुढे साडेसात. ढग आले की पाणी बारीक होतं आणि केबल चोरीची भीती असते, मामा या दोन्हीवर रोज बोलतो, पण इंजिन विकून टाकलंय.

रेटिंग द्यायचं तर बिलाला पाचपैकी पाच, बसवणाऱ्याच्या सर्व्हिसला दोन, लाइट गेल्यावरच्या उपयोगाला शून्य. फ्लॅटवाल्यांनी आधी सोसायटीच्या गच्चीचं काय ते विचारा. कोटेशनमध्ये डीसीआर, स्ट्रक्चरची उंची फुटात, तीन अर्थिंग आणि इन्व्हर्टरची वॉरंटी हे चार शब्द लेखी नसतील तर ॲडव्हान्स देऊ नका. कुणाला कोटेशन दाखवायचं असेल तर खाली फोटो टाका, बघून सांगतो, फक्त ग्राहक क्रमांक आणि मोबाइल नंबर झाकून टाका.