परीक्षणे लिहिणाऱ्यांसाठी शब्दकोश : शिकागो विद्यापीठाची ऑनलाइन सेवा

शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत जुने मराठी शब्दकोश विनामूल्य पाहता येतात. पुस्तक-परीक्षणे लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही सेवा वापरावी असे मी आग्रहाने सांगतो, आणि या आग्रहामागे एका शब्दाची हकिगत आहे. एका कथासंग्रहाविषयी लिहिताना 'लेखिकेची चलाखी पानोपानी जाणवते' असे मी लिहून गेलो. पत्र कोणी लिहिले हे शेवटच्या ओळीपर्यंत झाकून ठेवणारी तिची एक कथा मला मनापासून आवडली होती. परीक्षण छापून आल्यावर तिचा फोन आला. "सर, मी वाचकांना फसवलं, असं तुम्हाला म्हणायचंय का?" मला उत्तर देता आले नाही.

त्या रात्री मी या सेवेवर आधी मोल्सवर्थचा १८५७ चा मराठी-इंग्रजी कोश उघडला आणि मग दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश. मोल्सवर्थमध्ये शब्दाचे मूळ दाखवणारे अक्षर नोंदीतच असते, त्यामुळे 'चतुर' संस्कृतातून आला, तर 'हुशार' आणि 'चलाख' फारसीतून, हे लगेच कळते. 'हुशार'च्या मुळाशी होश, म्हणजे शुद्ध किंवा जाग आहे. आजारातून उठलेल्या माणसाला 'हुशारी वाटते' असे आपण म्हणतो, ते याच अर्थाने. 'चलाख'मध्ये मात्र मराठी कानाला हातचलाखी ऐकू येते, आणि लेखिकेला तेच ऐकू आले होते. 'शहाणा' तर त्याहून अवघड. पेशवाईतल्या 'साडेतीन शहाण्यां'मध्ये, म्हणजे सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे, विठ्ठल सुंदर आणि अर्धे मानले गेलेले नाना फडणवीस यांच्या बाबतीत, तो खरा गौरव आहे. 'दीडशहाणा' म्हटले की तोच शब्द शिवी होतो.

आपल्या समीक्षेत बुद्धीचे कौतुक करताना कवितेला किंवा कथेला हृदय नाही असे सुचवण्याची सवय जुनी आहे. मोरोपंतांच्या यमकांना कौशल्य म्हणायचे आणि काव्य म्हणायचे नाही, हे याच सवयीतून आले. चिपळूणकरांना 'निबंधमाले'त त्यांची बाजू घ्यावी लागली. असे विशेषण लिहिणाऱ्याला पुरावा द्यावा लागत नाही, हे मला फार खटकते, कारण मीही तेच केले होते. त्या कथेत माहिती कुठे राखून ठेवली आहे आणि त्यामुळे दुसऱ्यांदा वाचताना काय बदलते, हे दोन वाक्यांत सांगता आले असते.

दाते-कर्वे यांच्या कोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले आणि पुरवणी १९५० मध्ये. ज्ञानेश्वरी, दासबोध, मोरोपंत यांतली उदाहरणे संक्षिप्त खुणांसह दिलेली असल्याने शब्दाचा कस कुठे लागला ते दिसते, आणि माझ्या मते हीच या सेवेची खरी दौलत आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत समीक्षेच्या भाषेत रुळलेल्या छटा या कोशांत अर्थातच सापडणार नाहीत. त्यासाठी आजची नियतकालिकेच वाचावी लागतात. शोध देवनागरीत घेता येतो. मोल्सवर्थच्या अर्थांमध्ये 'क्लेव्हर' हा इंग्रजी शब्द रोमन लिपीत शोधला, तर त्या छटेचे मराठी शब्द एकाखाली एक येतात. कोणतेही परीक्षण पाठवण्यापूर्वी मी आता ही यादी उघडतो.