नव्या सीलमधल्या जुन्या डिस्क

निपाणीतल्या एका फोटो स्टुडिओच्या चार हार्ड डिस्क सध्या आमच्या टेबलावर आहेत. प्रत्येकी ८ टीबी, रेड ५ मध्ये (एक बंद पडली तरी डेटा वाचावा अशा जोडणीत) लावलेल्या, कोल्हापुरातल्या एका दुकानातून ‘कंपनी सील’ म्हणून घेतलेल्या. आठ महिने चालल्या. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, ५,८०० च्या आसपास तास दिसतात, म्हणजे हिशेब चोख. पण सीगेटच्या डिस्कमध्ये फार्म नावाची वेगळी नोंद असते. तिथं चारही डिस्कवर ३१,००० च्या वर तास आहेत. इथले आठ महिने वजा केले तरी जवळपास तीन वर्षं कुठंतरी राबलेला माल स्मार्टचे आकडे पुसून पुन्हा पिशवीत भरलेला. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर उघडकीला आला होता.

रेड ५ एकच डिस्क गेलेली सोसतो. एक गेली, नवी बसवली, की रिबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर पुन्हा तयार करणं) उरलेल्या तीन डिस्क पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत वाचतो. इथं ती २४ टीबी होतात. तिन्ही एकाच वेळी, प्रत्येकी सेकंदाला १८० एमबीच्या वेगानं वाचल्या तरी बारा तासांच्या वर लागतात, आणि मशीनवर काम चालू असेल तर दिवस जातो. तीन वर्षांपूर्वीच्या लग्नाची फाइल कुणी उघडत नाही, त्यामुळे तिथला खराब सेक्टर कळतच नाही. तो रिबिल्डमध्येच वर येतो. इथं ६० टक्क्यांच्या पुढं दुसरी डिस्क बाहेर पडली. एकाच वयाच्या, एकाच जागी झिजलेल्या डिस्क एकत्र लावल्या की हा धोका वाढतो.

खरा घात त्यानंतर झाला. त्याच दुकानाच्या माणसानं आधी बंद पडलेली डिस्क जबरदस्तीनं ऑनलाइन घेतली. तिच्यावर जुना डेटा होता, बाकीच्यांवर नवा. पॅरिटी, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढायला ठेवलेला हिशेब, जुळणार कशी? मग ‘इनिशियलाइझ’ (सगळी जोडणी नव्यानं मांडणं) दाबलं आणि रिकव्हरीचे वेगळे पैसे घेतले. ज्या भागावर नव्यानं लिहिलं गेलं तिथलं आता कुणालाच काढता येणार नाही. लोकांच्या घरची लग्नं होती त्यात.

दोन डिस्क गेल्या की मशीन बंद करा. कुठली डिस्क कुठल्या खाचेत होती ते सिरियल नंबरसकट लिहून ठेवा. प्रत्येकीची डीडीरेस्क्यू या खराब डिस्कची प्रत काढणाऱ्या प्रोग्रॅमनं प्रत काढून घ्या आणि जुळवाजुळव त्या प्रतींवरच करा. एकच गेली असेल तर रिबिल्डच्या आधी महत्त्वाचं सगळं बाहेर कॉपी करा. महिन्यातून एकदा स्क्रब (सगळ्या डिस्क पूर्ण वाचून तपासणं) लावा, आणि स्मार्टमधल्या ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या, म्हणजे खराब सेक्टरच्या, नोंदींचे आकडे वाढतात का बघा.

विकत घेताना बिलावर सिरियल नंबर लिहून घ्याच. तो कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटीची तारीख बघा. स्क्रूच्या भोकांवर आणि साटाच्या (केबल जोडायच्या) पिनांवर ओरखडे आहेत का तेही दुकानातच बघा. फार्मची नोंद वाचायला स्मार्टमॉनटूल्स या डिस्क तपासायच्या प्रोग्रॅमची ७.४ किंवा पुढची आवृत्ती लागते.

‘तुम्ही कर्नाटकातले, तक्रार इकडं येऊन करा’ असं या स्टुडिओवाल्यांना ऐकवलं गेलं. ते खोटं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे, म्हणजे बेळगावलाच, दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. धंद्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागत नाही, पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वतः चालवलेला स्टुडिओ त्याला अपवाद आहे. हेल्पलाइन १९१५. डिस्क परत देऊ नका. त्यातली फार्मची नोंद हाच पुरावा आहे.