कंदुरी थाळी एक नंबर, पण बोर्ड वाचला अन् घास अडकला

गेवराईच्या अलीकडं हायवेला एक नवीन मटण खानावळ झालीय, नाव टाकत नाही कारण मालक पोरगा लांबच्या भावकीतला निघाला आणि मला गावात तोंड दाखवायचंय. बीडहून संभाजीनगरला चाललो होतो, दुपारचे दोन वाजलेले, पोटात कावळे.

आधी जेवणाचं सांगतो कारण त्यात खोट काढायला जागाच नाही. 280 ची कंदुरी थाळी, त्यात सुकं, बरबाट, वाटीभर अळणी (मटणाचं बिनतिखट पाणी), दोन ज्वारीच्या भाकरी, कांदा लिंबू. भाकरी चुलीवरची, एक मावशी बाहेर पत्र्याखाली बसून थापतेत, तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी लावली की टम्म फुगते आणि तशीच ताटात येते, वाफेनं बोट भाजतं. बरबाट म्हणजे नुसता तर्रीवाला लाल रस्सा नाही हां, पीठ लावून दाट केलेलं, भाकरी कुस्करली की ताटात पाणी सुटत नाही. मटण कोवळं, हाडातली नळी मी लहान पोरासारखी ताटावर आपटून काढली. अळणीत मीठ जरा जास्त होतं, बाकी काय नाव ठेवायचं काम नाही.

आता बोर्ड. गल्ल्याच्या मागं भगव्या फ्लेक्सवर मोठ्या अक्षरात, 'येथे फक्त हिंदू झटका मटण मिळेल'. झटका म्हणजे एका घावात मान तोडलेलं, हलाल नव्हे. आणि त्याच्याच खाली मेनूत पहिली आयटम, स्पेशल कंदुरी थाळी. मला आधी हसूच आलं. बाहेरच्या वाचणाऱ्यांसाठी सांगतो, कंदुरी म्हणजे पिराला केलेल्या नवसाचं जेवण. बोकड दर्ग्यावर न्यायचं, गावच्या मुसलमान मुलाण्यानं बिस्मिल्ला म्हणून कापायचं, मलिद्याचा निवद दाखवायचा आणि अख्ख्या गावाला जेवू घालायचं. आमच्यात माझ्या पणज्यापासून चालू आहे, आणि आम्ही काय मुसलमान नाही, घरात विठोबा आहे, वारी आहे. म्हणजे थाळीचं नाव पिराचं, मसाला पिराच्या जत्रेतला आणि ज्याच्या सुरीनं ही चव गावाला लागली त्यालाच दुकानाबाहेर उभं केलं.

मालकाला सहज म्हणलं, "बाळा, कंदुरी झटक्याची कशी असंल रे?" तर तो कसनुसा हसला, म्हणला "तात्या धंदा आहे, पोरं बोर्ड बघून येतेत." खोटं नाही बोलला. मार्च 2025 ला मंत्री नितेश राणेंनी ते मल्हार सर्टिफिकेट काढलं, हिंदूंनी हिंदूंच्याच दुकानातून झटका मटण घ्या म्हणून, तवापासून ही टूम निघालीय. (ज्या मल्हारीला, म्हणजे खंडोबाला, मुसलमान भक्त मल्लूखान पण म्हणतेत, त्याचं नाव ह्या सर्टिफिकेटला दिलं, ह्याच्यावर काय बोलावं.)

पण बोर्डाचं मी सोडून दिलं असतं. शेजारच्या टेबलावर पाच पोरं होती, वीस-बावीसची, गळ्यात भगवे गमजे, एकाच्या मोबाइलवर फुल आवाजात रील, तलवार आणि डीजे. बोलता बोलता अर्धमसल्याचा विषय निघाला. ते गाव इथून जवळच, 30 मार्च 2025, गुढीपाडव्याच्या पहाटे तिथल्या मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला होता, विहिरीला सुरुंग लावतो ना आपण, तेच जिलेटिन. दुसऱ्या दिवशी ईद. नशीब की कुणाला लागलं नाही. पोलिसांनी दोन पोरं धरली, तीही विशी-पंचविशीतलीच, आणि हातात कांड्या घेतलेला व्हिडिओ इन्स्टाला फिरत होता. आदल्या रात्री गावात संदल (उरुसाची मिरवणूक) होता, त्यात दोन्हीकडची माणसं होती म्हणे. तर ह्या टेबलावरचा एकजण नळी चोखत म्हणतो, "भावानं फक्त टायमिंग चुकवलं," आणि बाकीचे खो खो हसले. वाढणारा पोऱ्या पण हसला. मी ताटाकडं बघत राहिलो.

मला भीती त्याचीच वाटली, की ही पोरं कुठून बाहेरून आलेली नाहीत. एकाच्या बापाला मी ओळखतो, सोयाबीनला पाणी नाही म्हणून रडणारा साधा माणूस. तेवढ्यात त्यांचं रझाकारावर (निजामाच्या बाजूची हत्यारबंद संघटना) सुरू झालं, आणि रझाकार आमच्या घरानं सोसलाय, आजी कणगीत लपून बसलेली, तर मला सांगायचं होतं की बाबांनो रझाकारांचा पुढारी कासीम रझवी पण लातूरला वकिली करणारा शिकलेला माणूस होता, आणि त्याच्याविरुद्ध लिहिणारा शोएबुल्लाखान हा पत्रकार मुसलमानच होता, ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत त्याला मारून टाकलं. त्यानं आपल्याच लोकांना तोंडावर सुनावलं होतं. मला शेजारच्या टेबलाला सुनवायचं झालं नाही. बिल दिलं, बडीशेप घेतली, गाडीत बसलो.

बाकी माहिती: पार्किंग भरपूर, फोनपे चालतं, हात धुवायच्या बेसिनला नळ गळतो, रविवारी एकनंतर सुकं संपतं. फॅमिलीला पडदा लावून वेगळी जागा आहे पण बायकोला मी तिथं नेणार नाही, रीलचा आवाज पडद्याआड पण येतोच. मटणाला पाच स्टार, मावशीच्या भाकरीला सहा असते तर सहा, वातावरणाला एक. ॲपमध्ये एकच आकडा टाकता येतो म्हणून तीन टाकलेत.

आणि हो, पुढच्या महिन्यात आमची कंदुरी आहे. आज सकाळी पुतण्याचा मेसेज आला, "तात्या, औंदा मुलाणी चाचाला नको, त्या हायवेवाल्याकडून कापून आणू का, मित्र पण येणारेत." चाचाला मी पंधरा दिवसांमागंच सांगून ठेवलंय, त्यांनी सुरीला धार पण लावून घेतली असंल. पुतण्याला अजून उत्तर दिलं नाही, दोनदा टाइप करून खोडलं.