औषध द्यायच्या आधी नीट विचारणारं कृषी केंद्र

ज्यांची पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लाल पडून राह्यली त्यांनी बाटली घ्यायच्या आधी इथं एकदा जाऊन या. यवतमाळ जिल्ह्यात आमच्या बाजाराच्या गावातलं कृषी केंद्र आहे, दुकान लहानच, पण काउंटरवरच्या भाऊंची विचारायची पद्धत मला लय पटली.

बाकी ठिकाणी पान दाखवलं की "लाल्याच (पानं लाल पडायचा रोग) आहे ना?" म्हणतात, आपण हो म्हणतो, दोन-तीन बाटल्या समोर येतात अन् बोलणं खतम. हे भाऊ विचारतात, "वावरात कुठून सुरू झालं? पहिलं काय दिसलं?" अन् मग चूप ऐकतात, मधात तोडत नाहीत. माझ्या पुढच्या काकांनी आधी एकच वाक्य सांगितलं, भाऊ म्हणाले "बरं, अजून काय?" तं मग पाणी साचणारी पट्टी, खत कधी टाकलं, सगळं आपोआप निघालं. पान उलटंपालटं करून पाहिलं, शिरा हिरव्या, शिरांमधला भाग लाल, कडा वळलेल्या नाहीत, खाली तुडतुडे, म्हणजे पानाचा रस शोषणारे बारके किडे, तेही नाहीत. तुडतुड्यानंही पानं लाल होतात ना, पण ते कडेपासून अन् पान मुडपते. इथं मॅग्नेशियम कमी पडलं होतं, म्हणून कीटकनाशक दिलंच नाही, मॅग्नेशियम सल्फेट दिलं, 10 लिटर पाण्याला 100 ग्राम, अन् पक्कं बिल.

आणखी एक, "एवढा युरिया कशाला टाकला?" असं ते म्हणत नाहीत, "टाकला तेव्हा पीक कसं दिसत होतं?" असं विचारतात. चार लोकांसमोर माणसाची इज्जत राहते, मग तो खरं सांगते, अन् खरं कळल्याशिवाय सल्ला बरोबर येणार कसा?

फवारणीचं औषध देताना "फवारणार कोण, किती वाजता, तोंडाले काय बांधता?" हे विचारतातच. 2017 ला फवारणीच्या विषबाधेनं आपल्या जिल्ह्यातली माणसं गेली, त्यामुळं हे प्रत्येक दुकानात विचारलं पाहिजे असं माझं मत आहे.

सीझनमध्ये गर्दी लय राहते, एकेकाशी बोलण्यात टाइम जाते, लोक कटकट करतात. उधारी नाही. भाऊ नसले तं काउंटरवरचा पोरगा फक्त "कोणती देऊ?" एवढंच विचारते, म्हणून ते असतील तेव्हाच जा. अन् जाताना एक चांगलं अन् एक खराब पान सोबत न्या.