पैसे देऊन आंघोळ: जपानी टबातले आठ महिने

“एवढे पैसे देऊन आंघोळ? काहून वं, घरी नळ नाही आला का?”

नोव्हेंबरात मी नागपुरातल्या एका स्पात जपानी आंघोळीचं दहा सेशनचं पॅकेज घेतलं तेव्हा सासूबाईंनी हे विचारलं, आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. उजवा खांदा आखडलेला, दिवसभर कॉम्प्युटरवर व्हाउचर, संध्याकाळी वर्धा रोडच्या धुळीतून स्कूटी. तशात ऑफिसातल्या एकीनं एक फुकट कूपन हातात टेकवलं, एवढंच निमित्त. आपल्याकडे जपान म्हटलं की कामठीचं ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर. माझीही ओळख तेवढीच. आता जून लागलाय, आठ सेशन झाली, दोन उरलीत. स्पाचं नाव लिहीत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत.

पहिल्या दिवशी वाटलं, थेट टबात जायचं. पण तिथल्या मुलीनं मला वीतभर उंचीच्या लाकडी स्टुलावर बसवलं. समोर हँड शॉवर, बादली, साबण. “पहले पूरा नहा लीजिए, मॅडम.” म्हणजे आंघोळीआधी आंघोळ! केस वर बांधून, साबण लावून, फेसाचा कणही राहणार नाही असं खळखळून धुवायचं. नंतर कळलं की सगळी गोम इथंच आहे. जपानी घरात ओफुरोचा, म्हणजे गरम पाण्याच्या आंघोळीचा, टब मळ काढायला नसतोच, तो फक्त बसायला असतो. त्याच पाण्यात घरचे सगळे एकामागून एक उतरतात, म्हणून प्रत्येकानं बाहेरूनच स्वच्छ होऊन यायचं. उतरण्यापूर्वी लाकडी भांड्यानं टबातलंच पाणी अंगावर घेतात, आधी पायांवर, मग गुडघे, कंबर, खांदे. त्याला काकेयु म्हणतात. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, “यात काय नवल? आमची आजी घंगाळापाशी बसवून हेच करे. पहिला तांब्या पायावर.”

टब आखूड पण खोल. पाय पसरता येत नाहीत, गुडघे दुमडून बसायचं, मग पाणी थेट मानेपर्यंत येतं. भिंतीवर पाण्याच्या तापमानाचा आकडा ४१ अंश. पहिलं मिनिट श्वास वर ओढला जातो, कातडी चटकते. मी सवयीनं हातानं पाणी हलवलं तर आणखी पोळलं. मुलगी म्हणाली, हलू नका. खरंच, निश्चल बसलं की तेच पाणी सोसतं. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला खांद्यातली गाठ सैल होतेय हे जाणवलं, आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम टपटप पाण्यात पडायला लागला. दहा मिनिटं पुष्कळ होतात. तेव्हा मी झटकन उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. दाराची कडी धरून उभी राहिले. गरम पाण्यानं रक्तवाहिन्या पसरतात, उभं राहिलं की बीपी खाली येतो. काठावर मिनिटभर बसून उठायचं, हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. बीपीच्या गोळ्या चालू असतील किंवा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

झोप मात्र अशी लागली की सकाळी कुकरच्या शिट्टीनं जाग आली. संध्याकाळी गेलं की रात्री हे दरवेळी होतं. खांद्याचं खरं सांगायचं तर दीड दिवस हलका राहतो, मग पुन्हा जैसे थे. फिजिओथेरपीच्या व्यायामानं जो फरक पडला तो टबानं पडला नाही.

आता तक्रारी. पत्रकावर ठळक अक्षरांत ‘ओनसेन थेरपी’. ओनसेन म्हणजे जमिनीतून आलेलं गरम किंवा खनिजयुक्त पाणी; जपानमध्ये १९४८ पासून त्याचा कायदाच आहे. उगमाशी पाणी किमान २५ अंशांचं हवं, नाहीतर ठरवून दिलेल्या १९ घटकांपैकी एखादा त्यात पुरेसा हवा. इथलं पाणी बोअरचं, गीझरमधून आलेलं. टबाच्या काठावर क्षारांची पांढरी रेघ नखानं खरवडून पाहिली मी. जमिनीतलं गरम पाणी हवं असेल तर किनवटजवळच्या उनकेश्वरला जा ना! दुसरं, ‘अस्सल हिनोकी लाकडाचा टब’. हिनोकी म्हणजे जपानी सायप्रस, त्याला लिंबासारखा मंद वास असतो. इथं बाहेरून लाकडी पट्ट्या, आत ॲक्रेलिक, आणि वास येतो तो बाटलीतून टाकलेल्या तेलाचा. विचारलं तर मॅनेजर हसला.

डिसेंबरात ‘युझु स्पेशल’ म्हणून सहाशे रुपये जास्तीचे घेतले. जपानात वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी आंघोळीच्या पाण्यात युझु नावाची आंबट फळं सोडतात, ते खरं आहे. इथं लिंबाच्या चकत्या तरंगत होत्या. मी म्हटलं, संत्र्याच्या गावात राहून लिंबं? काटोलहून आलेली चार संत्री पुढच्या वेळी पिशवीत घेऊनच गेले. आणि शहाणपणा करून ती टबात पिळली. सालीच्या तेलानं मांड्या-पोटऱ्या अशा चुरचुरल्या की पाच मिनिटांत बाहेर. फळं अख्खी सोडायला हवी होती.

मार्चपासून पाणी ३७ वर आणलं. म्हणे गिऱ्हाइकांना उन्हाळ्यात गरम सोसत नाही. ३७ म्हणजे अंगाचंच तापमान, मग त्यात जपानी काय उरलं? दोनदा भांडले, तेव्हा माझ्या वेळेपुरतं ४० करायला लागले. बाकी मे महिन्यात आमच्या गच्चीवरच्या काळ्या टाकीत दुपारी थर्मामीटर सोडला तर ३९ दाखवत होता. दहा सेशनचे चौदा हजार भरलेल्या बाईनं तो आकडा बघायला नको होता.

नंतर देतात तो ग्रीन टी कोमट आणि कडू. मी घरून ताक नेते.

जायचंच असेल तर हिवाळ्यात जा, आणि सकाळचा पहिला स्लॉट मागा. पाणी रात्री बदलतात, दिवसभर तेच फिरवतात. सुटीच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नका. पॅकेज एकदम घेऊ नका. एक सेशन करा, भिंतीवरचा आकडा बघा, मग ठरवा.

उरलेली दोन सेशन जुलैअखेर संपवायची आहेत. एक माझं. दुसऱ्याबद्दल परवा सासूबाईंनी भाजी निवडता निवडता विचारलं, “थे स्टूल किती उंच असते वं? माह्या गुडघ्याले जमंल का?”