पहिली रेसिंग गाडी: स्विफ्ट की पोलो जीटी?

ठाणे-नवी मुंबईत राहून हौशी रेसिंग सुरू करायची, बजेट जेमतेम. सेकंडहँडमध्ये नजर दोन गाड्यांवर जाते: २०१८ ते २०२० मधली स्विफ्ट १.२ पेट्रोल मॅन्युअल आणि फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय (१.२ टर्बो).

कागदावर पोलो पुढे. टर्बोमुळे १०५ पीएस ताकद आणि १७५ एनएम टॉर्क, म्हणजे खेचण्याचा जोर. स्विफ्टचे ८३ पीएस आणि ११३ एनएम. पण पोलो साधारण ११०० किलोची, तर स्विफ्ट ९००च्याही आत. म्हणजे दर टनामागची ताकद जवळपास सारखीच! हलक्या गाडीचे टायर आणि ब्रेक पॅड कमी झिजतात, आणि नवशिक्याचा खरा खर्च तिथेच होतो.

पोलोची स्टिअरिंग, हायवेवरची पकड मला मनापासून आवडते. पण ऑटोक्रॉसमध्ये (छोट्या वळणदार ट्रॅकवर घड्याळाविरुद्धची शर्यत) सतत थांबत-सुटत पळवलं की तिच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ड्राय, म्हणजे तेलात न बुडलेले, क्लच तापतात, आणि ते काम महागडं. शिवाय पोलो भारतात २०२२ मध्ये बंद झाली. स्विफ्टचा क्लच प्लेट-सेट मात्र कुठलाही मेकॅनिक बदलून देईल.

माझं मत स्विफ्टला. वाचलेल्या पैशांत चांगलं हेल्मेट, टायर आणि एफएमएससीआय या मोटरस्पोर्टच्या राष्ट्रीय संघटनेचं लायसन्स घ्या. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवे या रेस ट्रॅकपर्यंत जायचं तर इंधन-टोलचा, ट्रेलरचा हिशेबही आधीच मांडा. आणि सराव पाम बीच रोडवर अजिबात नको; तिथे लोक सकाळी चालायला येतात.