चेव्हनिंग की इरॅस्मस मुंडस: जोर कुठे लावायचा?

पूर्ण खर्च मिळून परदेशात मास्टर्स करायचं म्हटलं की आपल्याकडची मुलं दिसेल तिथे अर्ज टाकत सुटतात. त्यातून दहा अर्धवट अर्ज होतात आणि धड एकही नाही. भारतीय पदवीधरांसमोर बहुतेक वेळा दोन शिष्यवृत्त्यांची नावं येतातच: ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग आणि युरोपीय संघाची इरॅस्मस मुंडस. दोन्ही खर्च उचलतात, पण माणूस निवडण्याची त्यांची रीत अगदी वेगळी. एकीकडे हमखास नापास होणारा अर्ज दुसरीकडे पहिल्या यादीत जाऊ शकतो.

आधी चाळणी लावून घ्या. चेव्हनिंगला पदवी आणि 2,800 तासांचा, म्हणजे साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. अर्धवेळ नोकरी आणि विनामोबदला स्वयंसेवी कामही धरतात, मात्र अभ्यासक्रमातच सक्तीची असलेली इंटर्नशिप धरत नाहीत. शिवाय शिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. तिकडेच नोकरी बघायचा बेत असेल तर इथेच थांबा. मुलाखतीत तो लपत नाही. इरॅस्मस मुंडसला सरसकट अशा अटी नाहीत. पदवीच्या शेवटच्या वर्षातला विद्यार्थीही अर्ज करू शकतो आणि परत येण्याचं बंधन नाही.

आता खरा फरक. चेव्हनिंगवाले तुम्हाला निवडतात, तर इरॅस्मसवाले तुमचा विषय आणि तुम्ही यांची जोडी निवडतात.

चेव्हनिंगचे प्रश्न ठरलेले असतात: नेतृत्व, माणसं जोडणं, ब्रिटनमधलेच अभ्यासक्रम का, पुढे काय करणार. गुणपत्रिका फार तर दारापर्यंत नेते. आपली मुलं घसरतात ती नेतृत्वाच्या निबंधात. ‘लहानपणापासून मला समाजसेवेची आवड आहे’ आणि ‘आम्ही सर्वांनी मिळून शिबिर यशस्वी केलं’ ही दोन वाक्यं मसुद्यांमध्ये इतक्यांदा भेटतात की पुढचं वाचायचा धीर होत नाही. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याला आगाऊपणाचं वाटतं, पण वाचणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. समजा, मिरवणुकीतला डीजे रद्द करून त्या पैशांत रक्तदान शिबिर घ्यायचं तुम्ही गणेश मंडळात सुचवलंत आणि अर्धी पोरं रुसली. त्यातल्या कोणाशी तुम्ही स्वतः जाऊन बोललात, काय कबूल केलंत, कोण शेवटपर्यंत आला नाही, हे लिहा. राष्ट्रीय सेवा योजनेचं प्रमाणपत्र जोडण्यापेक्षा असा एक परिच्छेद भारी पडतो. पद नसलं तरी चालतं. मंडळाचा खजिनदार नसलेल्यानेच अनेकदा खरं काम केलेलं असतं.

चेव्हनिंगच्या अर्जात तीन वेगवेगळे अभ्यासक्रम निवडावे लागतात. हे तीन एकाच वाटेवरचे हवेत. सार्वजनिक आरोग्य, एमबीए आणि चित्रपट अभ्यास अशी मिसळ दिसली की ‘पुढे काय करणार’ या निबंधातली हवा निघून जाते. विद्यापीठांत प्रवेशाचा अर्ज वेगळा करायचा असतो आणि मुदतीत विनाअट प्रवेशपत्र हातात यावं लागतं. निवड होऊनही या टप्प्यावर अडकणारे असतात.

इरॅस्मस मुंडसचा कारभार विकेंद्रित. प्रत्येक अभ्यासक्रम काही विद्यापीठांचा गट मिळून चालवतो, तोच गट निवड करतो आणि शिकायला किमान दोन देशांत जावं लागतं. शिष्यवृत्ती महिना 1,400 युरोची. विमानाचं तिकीट आणि व्हिसा त्यातूनच काढायचा, हे आधी धरून चाला. चेव्हनिंगमध्ये जाण्यायेण्याचा खर्च वेगळा मिळतो.

इथे विषयाची तंतोतंत जुळणी चालते. पूर व्यवस्थापनावरच्या एका अभ्यासक्रमाने आजवर विद्यार्थ्यांना डेल्फ्ट, ड्रेस्डेन, बार्सिलोना, ल्युब्लियाना असं फिरवलं आहे. 2019 च्या महापुरानंतर सांगली-कोल्हापूरकडे काम केलेल्या स्थापत्य अभियंत्याने अशा ठिकाणी अर्ज केला, तर ‘हाच विषय का’ याचं उत्तर त्याच्या कामातच असतं. तोच माणूस नुसत्या ‘डेटा सायन्स’च्या मागे लागला तर गर्दीत हरवेल.

इरॅस्मसच्या नियमांत एक बारीक कलम आहे, ज्याकडे कोणी बघत नाही. एका अभ्यासक्रमाच्या एकूण शिष्यवृत्त्यांपैकी एका देशाच्या नागरिकांना 10 टक्क्यांहून अधिक देता येत नाहीत. म्हणजे तुमची खरी स्पर्धा इतर भारतीय अर्जदारांशीच. संगणकाशी संबंधित नामांकित अभ्यासक्रमांत ती जीवघेणी होते. नाव कमी ऐकलेला, पण आपल्या विषयाचा अभ्यासक्रम शोधण्यात एक आठवडा घालवलात तर तो वसूल होतो. यादी दरवर्षी बदलते, त्यामुळे दोन वर्षांपूर्वीच्या सिनियरच्या शिफारशीवर जाऊ नका. आणि अभिनंदनाचा मेल नीट वाचा: ‘प्रवेश मिळाला, शिष्यवृत्ती नाही’ असाही तो असतो.

शिफारसपत्रांत इरॅस्मस जास्त नडते. ती बहुधा अर्जासोबतच लागतात आणि अनेक ठिकाणी प्राध्यापकांच्या अधिकृत ईमेलवरूनच जावी लागतात. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ म्हणणाऱ्या सरांकडून आलेलं पत्र तुमच्याच निबंधाच्या भाषेत असतं, आणि ते ओळखू येतं. असे सर असतील तर त्यांना तुमच्या प्रकल्पाचे चार ठळक मुद्दे पाठवा आणि पत्र त्यांनाच लिहू द्या. ओबडधोबड झालं तरी चालेल. चेव्हनिंगला ही पत्रं मुलाखतीसाठी निवड झाल्यावर लागतात.

मग कोणी काय करावं? अनुभव कमी, पण गुण चांगले आणि विषय नेमका असेल तर इरॅस्मसचे तीन-चार अर्ज मनापासून करा. गुण बेताचे, पण चार-पाच वर्षं पत्रकारिता, संस्था, प्रशासन किंवा उद्योगात काहीतरी हलवून दाखवलंय आणि परत यायचंच आहे, त्यांनी चेव्हनिंग. दोन्हींत बसणाऱ्याला वेळापत्रकही साथ देतं. चेव्हनिंगचा अर्ज सहसा ऑगस्टमध्ये उघडून ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतो, तर इरॅस्मसच्या बऱ्याच मुदती त्यानंतर जानेवारीपर्यंत येतात. म्हणजे गणपती ते दसरा एक, दिवाळी ते संक्रांत दुसरं. मात्र एकाचा निबंध दुसऱ्याला चिकटवू नका. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांनी यांच्या जोडीने राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीही बघावी. तिचे निकष वेगळे, निबंधांची ही कसरत तिथे नाही.

ट्रान्सक्रिप्टचा, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा अर्ज मात्र जूनमध्येच आपल्या विद्यापीठात टाकून ठेवा, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तारीखही पावसाळ्यातलीच घ्या. काही ब्रिटिश विद्यापीठं बारावीचे इंग्रजीचे गुण चालवून घेतात, तेव्हा परीक्षेचे पैसे भरण्यापूर्वी तेवढं विचारून घ्या.